एका इंचात दहा काडतुसं

जानेवारी २०१८ मध्ये सिग साऊअर कंपनीनं पी३६५ हे पिस्तूल बाजारात आणलं, तेव्हा आमच्या टेक्सासमधल्या हौशी नेमबाजांचा आकड्यांवर विश्वासच बसेना. नळी ७९ मिलिमीटर, रिकाम्या पिस्तुलाचं वजन जेमतेम पाचशे ग्रॅम, जाडी इंचभर आणि मुठीत नऊ मिलिमीटरची दहा काडतुसं. साधारण त्याच चणीच्या ग्लॉक ४३ मध्ये तेव्हा सहा मावत, स्मिथ अँड वेसनच्या शील्डमध्ये सात. बाहेरून काहीही न वाढवता तीन-चार काडतुसं जास्त आली कुठून?

याचं उत्तर मॅगझिनमध्ये आहे. रोज अंगावर बाळगायच्या छोट्या पिस्तुलांची तुलना करताना लोक चापाबद्दल बोलतात, साइट्सबद्दल बोलतात, मुठीच्या खरखरीतपणावर वाद घालतात. माझं मत असं, की या पिस्तुलांची सगळी घडण मॅगझिनपासून सुरू होते आणि तुलनाही तिथूनच सुरू करायला हवी. अमेरिकेत येण्यापूर्वी मी भोसरीच्या एका टूलरूममध्ये पत्र्याच्या डाय बनवत असे. त्यामुळे कुठलंही पिस्तूल हातात आलं की माझं लक्ष आधी त्या दाबून वाकवलेल्या पोलादी पेटीकडे जातं.

थोडी पार्श्वभूमी. प्लास्टिकच्या फ्रेमचं पहिलं पिस्तूल जर्मन कंपनी हेकलर अँड कॉखचं, व्हीपी७०, १९७० सालचं. ते फारसं रुजलं नाही. व्हिएन्नाजवळच्या डॉइच-वाग्रामला पडद्याचे रॉड आणि सैन्यासाठी सुऱ्या बनवणाऱ्या गास्टन ग्लॉक यांचं पिस्तूल १९८२ मध्ये ऑस्ट्रियन सैन्यानं स्वीकारलं आणि मग सगळ्या जगानं तो मार्ग धरला. ग्लॉकच्या पिस्तुलात बाहेर दिसणारा घोडा नाही. स्लाइडच्या आत स्प्रिंगच्या जोरावर पुढे झेपावणारी पिन असते, तिला स्ट्रायकर म्हणतात. स्ट्रायकर काही नवा नव्हता, जुन्या लुगरमध्येही तोच होता. प्लास्टिकशी त्याची जोडी व्हीपी७० मध्येही जमली होती, पण ती रुजवली ग्लॉकनं. हे प्लास्टिकचं पिस्तूल विमानतळावरच्या एक्स-रेत दिसत नाही, ही समजूत साफ खोटी, कारण वजनाचा बहुतांश भाग पोलादाचाच असतो. १९८८ मध्ये ग्लॉक १९ आलं, पंधरा काडतुसांचं, आणि मध्यम चणीच्या पिस्तुलाचं तेच माप ठरून गेलं. कायद्याचं म्हणाल तर टेक्साससह अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक राज्यांत आता परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. भारतात मात्र नऊ मिलिमीटर हा बोअर सामान्य नागरिकाला बंद आहे, तिथे परवानाधारकाचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर सहसा ०.३२ चं.

आता मॅगझिन. नऊ मिलिमीटरच्या काडतुसाचा बुडाचा व्यास साधारण दहा मिलिमीटर. एकावर एक रचत गेलं तर दहा काडतुसांना शंभर मिलिमीटर उंची लागते, आणि एवढी लांब मूठ शर्टाखाली लपत नाही. दोन रांगा केल्या तर उंची घटते, पण मूठ जाड होते. हे कोडं पहिल्यांदा नीट सोडवलं ते बेल्जियमच्या एफएन कारखान्यातल्या द्युदोने सेव्ह यांनी. त्यांच्या दोन रांगांच्या मॅगझिनभोवती ब्राउनिंग हाय-पॉवर हे तेरा काडतुसांचं पिस्तूल उभं राहिलं, १९३५ साली. हेच पिस्तूल पुढे बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनू लागलं. आपल्या सैन्यातल्या कित्येक अधिकाऱ्यांच्या कमरेला तेच असे. त्याचं एक जुनं मॅगझिन मी संग्राहकांच्या प्रदर्शनात हातात घेऊन पाहिलं आहे. मागच्या बाजूची सांधणी आणि काडतुसं धरून ठेवणाऱ्या वरच्या ओठांचं वळण पाहून त्या काळच्या डाय बनवणाऱ्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

या ओठांखालच्या गळ्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. दोन रांगा वर येताना एक व्हाव्या लागतात, कारण नळी एकच आणि पिस्तुलाच्या स्लाइडखाली जागा थोडी. जिथे दोन रांगा एक होतात तिथे काडतुसं एकमेकांना अडवतात, घर्षण वाढतं, स्प्रिंगचा जोर कमी पडतो. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश स्टेन गनची सगळ्यात मोठी डोकेदुखी हीच. मॅगझिन बत्तीस काडतुसांचं, पण अनुभवी सैनिक दोन-चार कमीच भरत, म्हणजे ती अडकत नसत. बंदूक स्वस्त होती म्हणून अडकते असं लोक म्हणायचे. खरा दोष त्या अरुंद होत जाणाऱ्या पत्र्याच्या गळ्यात होता.

पी३६५ च्या मॅगझिनमध्ये मला जे फार आवडलं ते हेच. बाजूनं प्रकाशात धरलं की दिसतं, दोन रांगांना जवळ आणणारा उतार खालपासूनच हळूहळू सुरू होतो. एकदम खांदा पडत नाही. काडतुसं पूर्ण दोन रांगांतही नाहीत आणि एका रांगेतही नाहीत, वर येता येता त्यांचा तिरकेपणा कमी होत जातो.

यातलं गणित पाहण्यासारखं आहे. पाच-सहा सारखी नाणी टेबलावर उभ्या पट्टीत नागमोडी मांडा, प्रत्येक नाणं शेजारच्याला टेकलेलं. पट्टी थोडी रुंद करत जा आणि उंची किती घटते ते बघा. पायथागोरसचा सिद्धांत लावला तर आकडे असे निघतात. आतली रुंदी दहा मिलिमीटर असेल तर दहा काडतुसांची उंची शंभर. रुंदी पंधरा केली, म्हणजे दीडपट, तरी उंची होते अठ्ठ्याऐंशी. पाच मिलिमीटर जाडी खर्च करून हाती आले बारा. पण अठरा केली की उंची एकदम चौसष्टवर येते, आणि पावणेएकोणीसच्या जरा अलीकडे, जिथे काडतुसं पूर्ण एकमेकांच्या खाचेत बसतात, तिथे पंचावन्नवर. म्हणजे शेवटच्या एका मिलिमीटरनं जेवढी उंची वाचते, तेवढी पहिल्या पाच मिलिमीटरांनी वाचत नाही!

हे एकदा डोक्यात बसलं की बाजारातल्या सगळ्या पिस्तुलांचा उलगडा होतो. मॅगझिनच्या भिंतीची जाडी ही किरकोळ बाब नाही, सगळा खेळ तिथेच आहे. ग्लॉकचं मॅगझिन म्हणजे आत पोलादी अस्तर आणि बाहेरून प्लास्टिक. मजबूत आहे, पडलं तर वाकत नाही, ग्लॉकच्या विश्वासार्हतेत त्याचा मोठा वाटा आहे. पण ते प्लास्टिक नेमका तोच मोलाचा शेवटचा मिलिमीटर खातं. २०१९ मध्ये आलेल्या ग्लॉक ४३एक्सची मूठ उंचीला जवळजवळ ग्लॉक १९ एवढी, जाडी २८ मिलिमीटर, आणि क्षमता फक्त दहा. मग शील्ड आर्म्स या दुसऱ्याच एका कंपनीनं त्याच मुठीत बसणारं निव्वळ पोलादी पत्र्याचं मॅगझिन काढलं, एस१५. पंधरा काडतुसांचं! मुठीत कणभर बदल नाही. फक्त भिंत पातळ झाली. धातूकामातल्या माणसाला याहून गोड उदाहरण मिळणं कठीण. त्याला एक जोडकाम मात्र आहे. पोलादी मॅगझिन ग्लॉकच्या प्लास्टिकच्या मॅगझिन-कॅचला घासून खातं, म्हणून कॅचही पोलादी बसवावा लागतो. तो न बदलता नुसतं मॅगझिन वापरणारे मी पाहिले आहेत, आणि ते मला अजिबात पटत नाही.

पी३६५ नंतर सगळ्यांनाच धावावं लागलं. २०१९ मध्ये क्रोएशियातल्या कार्लोवात्सला बनणारं आणि अमेरिकेत स्प्रिंगफील्ड आर्मरीच्या नावानं विकलं जाणारं हेलकॅट आलं, अकरा काडतुसांचं. २०२१ मध्ये स्मिथ अँड वेसननं शील्डची मूठ जवळपास तेवढीच ठेवून शील्ड प्लस काढलं, दहाचं आणि तेराचं अशी दोन मॅगझिन देऊन. २०२२ मध्ये सिगनंच पी३६५ची लांब मुठीची एक्स-मॅक्रो ही आवृत्ती आणली, तिच्यात सतरा. मूळच्या ग्लॉक १७ मध्ये मावतात तेवढीच, कितीतरी पातळ मुठीत.

इतक्या दाबून भरलेल्या मॅगझिनची किंमत आपला अंगठा मोजतो. नव्या पी३६५ च्या मॅगझिनमध्ये आठवं काडतूस सहज जातं, नववं कुरकुरतं आणि दहाव्याला नखाखाली पांढरी रेघ उमटते. मॅगलूला या इस्रायली कंपनीचं अपलूला नावाचं प्लास्टिकचं साधन मी सगळ्यांना घ्यायला सांगतो. ते मॅगझिनवर बसवून दाबायचं, काडतूस अलगद आत जातं.

चापाबद्दलही माझी मतं आहेत. ग्लॉकचा स्ट्रायकर अर्धवट ताणलेला असतो, उरलेलं काम चाप करतो. त्यामुळे ओढ किंचित स्पंजासारखी लागते, पण प्रत्येक वेळी तंतोतंत तशीच. शील्ड प्लसचा सपाट चाप मला या सगळ्यांत उजवा वाटतो, स्ट्रायकर सुटण्याची जागा बोटाला स्पष्ट कळते. पी३६५ चा हलका आणि गोलसर, हेलकॅटचा थोडा जड. आणखी एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. साफसफाईसाठी ग्लॉक उघडायचं तर आधी चाप दाबावा लागतो. पी३६५ ला तसं करावं लागत नाही. चाप दाबायचा म्हणजे चेंबर रिकामा आहे हे डोळ्यांनी आणि बोटानं, दोन्हींनी तपासलेलं हवं. घाईत असलेला माणूस नेमकं हेच विसरतो.

ह्यूस्टनमधल्या आमच्या मंडळातल्या एक वहिनी औषधाच्या दुकानात रात्रपाळी करतात. त्यांना पिस्तूल घ्यायचं होतं, म्हणून आम्ही रेंजवर गेलो, तिथे भाड्यानं वेगवेगळी पिस्तुलं चालवून बघता येतात. पहिलंच हेलकॅट हातात घेऊन त्या म्हणाल्या, "भाऊजी, ही स्लाइड तर हलतच नाही हो!" छोट्या पिस्तुलाची हीच अडचण. स्लाइड हलकी, म्हणून स्प्रिंग कडक. तिथल्या प्रशिक्षक बाईंनी त्यांना पिस्तूल छातीजवळ घ्यायला लावलं, डाव्या हातानं स्लाइड घट्ट धरायला आणि उजव्या हातानं फ्रेम पुढे ढकलायला सांगितलं. दुसऱ्या प्रयत्नात जमलं. स्मिथ अँड वेसनची ईझेड नावाची हलक्या स्लाइडची मालिकाही बाईंनी दाखवली, पण तिच्यात आत घोडा आहे, आणि आज आपण स्ट्रायकरच्या पिस्तुलांबद्दलच बोलतो आहोत. पी३६५ चालवल्यावर वहिनींचं मनगट उडत होतं. ग्लॉक १९ वर गोळ्या एका जागी पडू लागल्या. लहान पिस्तूल बाळगायला सोपं आणि चालवायला अवघड, हे दुकानातला विक्रेता सहसा सांगत नाही. शेवटी त्यांनी शील्ड प्लस निवडलं, तेराच्या मॅगझिनसकट, म्हणजे करंगळीलाही आधार मिळतो.

होल्स्टर चाप पूर्ण झाकणारं, कडक प्लास्टिकचं घ्यावं. स्ट्रायकरच्या पिस्तुलांना बहुधा बाहेरून वेगळी सेफ्टीची खटकी नसते, ग्लॉकला तर नाहीच, तेव्हा चापाची राखण होल्स्टरनंच करायची. शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी आत अडकून गोळी सुटल्याचे अपघात झालेले आहेत. पिस्तूल आत घालताना सावकाश आणि बघून घालावं. २०१७ मध्ये अमेरिकी सैन्यानं निवडलेल्या सिग पी३२० ची नागरी आवृत्ती विशिष्ट कोनात पडल्यास गोळी सुटू शकते असं दिसून आलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीनं सुधारणा करून देण्याची योजना जाहीर केली. म्हणून जुनं पिस्तूल विकत घेताना अशी दुरुस्ती झाली आहे का, हे विचारून घ्यावं. आणि घरात मूल असेल तर कुलपाची पेटी पिस्तुलाच्या आधी विकत आणावी. यावर मी कोणाशीही तडजोड करत नाही.

मला कोणी एकच सुचवायला सांगितलं, तर हाताचा पंजा मोठा आणि कपडे सैल असतील तर ग्लॉक १९. अंगकाठी बारीक असेल तर शील्ड प्लस. खिशात किंवा उन्हाळ्याच्या पातळ शर्टाखालीच बाळगायचं असेल तर पी३६५, पण दर महिन्याला रेंजवर जाण्याची तयारी असेल तरच. ४३एक्स आवडणाऱ्यानं स्वसंरक्षणासाठी कारखान्याचं दहाचंच मॅगझिन वापरावं. एस१५ घेतलंच, तर पोलादी कॅच बसवून आणि प्रत्येक मॅगझिनमधून किमान दोनशे गोळ्या एकदाही न अडखळता झाडून मगच ते कमरेला लावावं. प्रत्येक मॅगझिनच्या तळाला रंगीत पेननं आकडा घालून ठेवा, म्हणजे अडकणारं कोणतं ते लगेच कळतं आणि तेवढंच बाजूला काढता येतं.