दर रविवारी येणारा दादा

राजापूर रोड स्टेशनवर उतरलात तर आजूबाजूला गाव शोधू नका. ते तिथून बरंच लांब आहे. माझी मैत्रीण स्कूटर घेऊन आली होती. कॉलेजात आम्ही एकत्र होतो. मग तिला पुण्यात एचआरमधली झकास नोकरी लागली आणि तीन वर्षांत तिने ती सोडलीही. मानसशास्त्रात एमए केलं आणि आता ती मुलांची समुपदेशक आहे. पगार? आधीच्या निम्म्याहून कमी. घरी धुसफूस अजून चालूच आहे.

‘‘हे खूळ आलं कुठून?’’

‘‘दादामुळे.’’

तिच्या लहानपणी त्यांच्या आळीत दर रविवारी कॉलेजात शिकणारा एक दादा यायचा. गोष्टी सांगायचा, अडलेली गणितं सोडवून द्यायचा, बस्स. एका पावसाळ्यात जवाहर चौकात पुराचं पाणी शिरलं (राजापूरकरांना यात नवल नाही!) आणि त्याचा एक रविवार चुकला. पुढच्या खेपेला आल्या आल्या तो मुलांना ‘सॉरी’ म्हणाला. ‘‘मोठं माणूस आपली माफी मागतंय, हे मी पहिल्यांदाच बघितलं,’’ ती सांगते. करिअरची दिशा म्हणतात ती अशी ठरली. दादाला याचा पत्ताही नाही.

साने गुरुजीही याच जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातल्या पालगडचे. अमळनेरच्या छात्रालयात ते मुलांसाठी रोज हाताने दैनिक लिहून काढत. 1950 मध्ये गुरुजी गेले. पुढे प्रकाशभाई मोहाडीकरांनी त्यांच्या नावाने कथामाला सुरू केली आणि गोष्टी सांगणारे ताई-दादा गावोगाव तयार झाले. तिकडे न्यूयॉर्कमध्ये अर्नेस्ट कूल्टर या कोर्टातल्या क्लार्कने 1904 मध्येच मुलांसाठी ‘मोठे भाऊ’ जमवले होते.

त्याच अमेरिकन कार्यक्रमावर ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या दोघींनी 2002 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. साथ वर्षभर टिकली तर मुलांना चांगला फायदा दिसला. तीन महिन्यांच्या आत तुटली, तर मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट कमी झाला. म्हणजे दोन रविवार जाऊन फोटो काढण्यापेक्षा न गेलेलं बरं.

हे वाचून मी जरा चपापले. पुण्यात अशाच एका उपक्रमात मी नाव घातलं होतं. चौथ्या रविवारी डेडलाइन आली, पाचव्याला लग्न. मग सुटलंच ते.

‘‘त्या मुलाला सांगितलं होतंस, येणार नाही म्हणून?’’ मैत्रिणीने विचारलं.

नव्हतं सांगितलं.