जन्मोत्सवाचा सुंठवडा

चैत्र शुद्ध नवमीस मध्याह्नी जन्माचे कीर्तन होते, गुलाल उधळला जातो, पाळणा म्हटला जातो आणि हातावर सुंठवडा येतो. जन्मोत्सवास सुंठच का? बाळंतिणीस घरोघरी जी देतात, तीच कौसल्यामातेच्या निमित्ताने सर्वांस मिळते, असा भाव आम्ही श्रोत्यांपुढे मांडतो.

वाळविलेले आले म्हणजे सुंठ. आयुर्वेद तिला ‘विश्वभेषज’ म्हणतो. ती अग्नी प्रदीप्त करते, मळमळ शमविते. तीत भाजलेले सुके खोबरे, पिठीसाखर, खसखस व वेलदोडा मिसळला की सुंठवडा सिद्ध! मात्र ती उष्ण. पित्तप्रकृतीच्यांनी चिमूटभरच घ्यावी.

अलीकडे काही ठिकाणी केवळ पेढे वाटतात. पेढे अवश्य वाटावेत. सुंठीवाचून एखादे वेळी खोकला जाईलही; परंतु सुंठवड्यावाचून जन्मोत्सवात मातेची आठवण अपुरीच राहते.