चढउतार वाढले की सौदा किती लहान करायचा?

23 मार्च 2020. निफ्टी एका दिवसात जवळपास 13% पडला. सकाळी लोअर सर्किट लागून व्यवहार 45 मिनिटं बंद होते. माझ्या बॅकटेस्टमध्ये मात्र त्या दिवशी किरकोळ नुकसान दिसत होतं. मला आनंद झाला. खरं तर शंका यायला हवी होती.

आधी मूळ कल्पना बघू. समजा तुमच्याकडे 10 लाख रुपये आहेत आणि दिवसाचा चढउतार साधारण 10 हजारांच्या आसपास राहावा असं तुम्ही ठरवलंय. निर्देशांकाची व्होलॅटिलिटी (रोजच्या परताव्याचं प्रमाण विचलन) 1% असेल तर पूर्ण 10 लाख गुंतवायचे. ती 4% झाली तर अडीच लाखच. साधा भागाकार. बाजार वर जाईल की खाली, हा प्रश्न इथे विचारलेलाच नाही.

हे चालतं, कारण मोठ्या हालचाली घोळक्याने येतात. मँडेलब्रॉने कापसाच्या किमतींवरच्या 1963 च्या लेखात हे नोंदवलं होतं. एंगलने 1982 मध्ये त्यासाठी आर्च मॉडेल मांडलं आणि 2003 मध्ये त्याला नोबेल मिळालं. उद्याची दिशा सांगता येत नाही, पण उद्याच्या हालचालीचा आकार थोडाफार सांगता येतो.

आता माझी चूक. मी दर महिन्याची व्होलॅटिलिटी काढली आणि तिने त्याच महिन्याचा सौदा भागला. गाईडनी तक्ता पाहिला आणि विचारलं, "2 मार्चला सकाळी सव्वानऊला, मार्च कसा जाणार हे तुला कसं कळलं?" काय बोलणार! रकाना एक ओळ खाली सरकवला, म्हणजे मार्चसाठी फेब्रुवारीचा आकडा वापरला, आणि जवळपास सगळा फायदा गेला. फेब्रुवारी त्यामानाने शांत होता. पडझड आली तेव्हा सौदा मोठाच होता.

मग रोज बदलणारा अंदाज घेतला. जे. पी. मॉर्गनच्या रिस्कमेट्रिक्समधली पद्धत सोपी आहे: कालच्या व्हेरियन्सच्या अंदाजाचे 0.94 पट, अधिक कालच्या परताव्याच्या वर्गाचे 0.06 पट. कालचा अंदाज 1% होता आणि बाजार 4% पडला, तर 0.94 + 0.96 = 1.90, वर्गमूळ 1.38. म्हणजे 10 लाखांचा सौदा सुमारे सव्वासात लाखांवर येतो. कागदावर करून बघा, कोड नंतर लिहा. आणि प्रत्येक बदलाला ब्रोकरेज आणि कर लागतो, तोही धरा. (मी सुरुवातीला तोही विसरलो होतो.)

वाचायला घेणार असाल तर मोरेरा आणि म्यूर यांचा 2017 चा पेपर आधी घ्या. ते व्हेरियन्सने भागतात, मागच्या महिन्याच्या, आणि फायदा दाखवतात. लगेच सीडरबर्ग आणि सहकाऱ्यांचा 2020 चा वाचा: 103 स्ट्रॅटेजी तपासून ते म्हणतात की असा फायदा सातत्याने दिसत नाही. मूळ आणि बदललेला पोर्टफोलिओ किती प्रमाणात मिसळायचा हे संपूर्ण डेटा पाहून ठरवलेलं असतं. प्रत्यक्षात ते आधी माहीत नसतं. माझ्याच चुकीचं जरा सभ्य रूप.

उरलं 7 एप्रिल 2020. निफ्टी एका दिवसात पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास वर गेला. माझा सौदा मार्चच्या आकड्यामुळे अगदी लहान होता, त्यामुळे हाती थोडंच लागलं. इथे कोड बरोबर होता. तो दिवस आता प्रबंधात 23 मार्चच्या शेजारच्या तक्त्यात आहे.