गोल्फ कार्ट रंगवायचं काम घेताय? आधी बॉडी आतून बघा!

रिसॉर्टच्या गोल्फ कार्टचं रंगकाम हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला: "सर, एका गाडीचे किती घ्यायचे?" आकडा नंतर. आधी खाली वाका आणि बॉडीला आतून हात लावा.

आत काचेचे धागे दिसले, खडबडीत लागलं, तर फायबर. आतूनही गुळगुळीत आणि दाबल्यावर लवते, तर बहुतेक प्लास्टिक. बऱ्याच कार्टची बॉडी प्लास्टिकचीच असते आणि तिला प्लास्टिकचा वेगळा प्रायमर लागतो. तो नाही मारला, तर रंग सालीसारखा सुटतो.

आता खरा किस्सा. आमच्या बॅचमधल्या एका पेंटरने चार फायबरच्या गाड्या एकाच रेटने घेतल्या. तीन छान झाल्या. चौथीला बोल्टच्या भोकांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा होत्या. त्याने वरून पुट्टी भरली, घासली, झकास रंग मारला. महिन्याभरात त्याच चिरा पुन्हा वर! गाडी फुकट करून द्यावी लागली आणि चारही गाड्यांचा नफा त्या एकीत गेला.

चीर रंगाला नव्हती हो, खालच्या फायबरला होती. अशी चीर ग्राइंडरने व्ही आकारात उघडायची, आतून ग्लास मॅट आणि रेझिनचा थर द्यायचा, तो कडक झाला की मग पुट्टी. बोल्ट जास्त आवळलेला असेल तर तोही बघा, नाहीतर चीर परत येणारच.

अजून एक. घासण्याआधी गाडी साबणाने धुवा आणि जुनं वॅक्स-पॉलिश काढा. ते तसंच ठेवून पेपर मारला की वॅक्स ओरखड्यांत बसतं आणि रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. पुढचं तुम्हाला येतंच: ३२०-४०० चा पेपर, इपॉक्सी प्रायमर, पीयू रंग, क्लिअर. फक्त हार्डनरवाला पीयू मारताना तोंडाला रुमाल चालणार नाही. ऑरगॅनिक व्हेपर काट्रिजचा मास्क आणि खेळती हवा हवीच. घासतानाही धुळीचा मास्क लावा, काचेची भुकटी आहे ती.

आणि आता रेट! कोटेशनमध्ये दोन ओळी करा. रंगकाम गाडीमागे, चिरांचं काम वेगळं, तेही गाडी बघून, फोटो काढून, मालकाची सही घेऊन. आपला तो पेंटर आता टॉर्च खिशात ठेवूनच साइटवर जातो.