रोटाव्हेटर मंदावतोय, इंजिन मात्र मजेत: जुन्या ट्रॅक्टरचा पीटीओ क्लच

या भागाची मागणी बऱ्याच दिवसांपासून होती. ऐकताना बोल्ट, फट, मिलिमीटर हे सगळं लक्षात राहत नाही, म्हणून इथे लिहूनही ठेवतोय.

आधी कानाचं काम. रोटाव्हेटर ढेकळात उतरला की इंजिनाचा आवाज जड व्हायला पाहिजे. लोड आला म्हणजे इंजिन थोडं दबणारच. पण आवाज तसाच मोकळा राहिला आणि पाती मंदावली, वर जळका वास आला, तर ताकद मध्येच कुठेतरी गळतेय. आता ती क्लचमध्येच गळतेय असं लगेच धरू नका. काही रोटाव्हेटरच्या शाफ्टवर स्वतःचा स्लिप क्लच असतो, मळणी यंत्राला पट्टा असतो. ते आधी बघा. ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट नीट फिरतोय आणि पुढचं अवजारच थांबतंय, तर दोष अवजारात आहे.

मी आज बोलतोय ते ड्युअल क्लचबद्दल, म्हणजे एकच पेडल आणि आत दोन प्लेटा. पेडल अर्धं दाबलं की ट्रॅक्टर थांबतो, पूर्ण दाबलं की पीटीओ. जुन्या मॅसी फर्ग्युसन 135 च्या घराण्यात हीच रचना आहे, आणि तिथे हायड्रॉलिक पंपही पीटीओच्याच लाइनवर चालतो. त्यामुळे तिथे एक जास्तीची खूण मिळते: पीटीओ क्लच फारच घसरत असेल तर वजन उचलताना लिफ्टही रडते. उलट, चढावर गिअरमध्ये असताना ट्रॅक्टरच ओढत नसेल तर घसरतोय तो मेन क्लच.

हात घालण्याआधी: इंजिन बंद, चावी खिशात, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड, अवजार जमिनीवर टेकवलेलं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. पीटीओ 540 आरपीएमवर चालतो, म्हणजे सेकंदाला 9 फेरे. गळ्यातला गमछा अडकला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर "आडवं येतं" म्हणून काढून फेकणारे लोक मला अजिबात कळत नाहीत.

पहिली तपासणी पेडलच्या फ्री प्लेची. पेडल हाताने दाबा. सुरुवातीला ते अगदी हलकं जातं, मग जड लागतं. ते हलकं अंतर म्हणजे फ्री प्ले. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत ते इंचाच्या आसपास असतं, पण नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलचाच धरा. प्लेट झिजत जाते तसं हे अंतर कमी होतं. ते शून्य झालं की बेअरिंग कायम बोटांवर टेकून राहतं, म्हणजे तुमचा पाय पेडलवर नसतानाही क्लच थोडा दाबलेलाच. लिंकेज रॉडचा लॉकनट सैल करा, रॉडची लांबी बदलून अंतर बसवा, लॉकनट पुन्हा घट्ट.

एवढ्याने भागलं नाही तर आतली फट. बेल हाउसिंगवर तपासणीचं झाकण असतं, ते काढा. क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवा. ॲडजस्टिंग बोल्ट एकेक करून समोर येतील. असे 3 असतात. मेन क्लच सुटल्यावर किती अंतराने पीटीओची प्लेट सुटायची, हे या बोल्टांची फट ठरवते. मॅसी 135 मध्ये ती साधारण 2 मिमी. फट नाहीशी झाली की बोल्ट पीटीओच्या प्लेटवरचा दाब ओढून धरतात आणि प्लेट घसरते. फार वाढली, तर पूर्ण पेडल दाबूनही पीटीओ थांबत नाही. फीलर गेज घालून तिन्ही अगदी सारखे करा. एक कमी-जास्त राहिला तर प्रेशर प्लेट तिरकी उचलते आणि क्लच थरथरतो. घाई करणारे नेमके इथेच दोन बोल्ट लावतात आणि तिसरा अंदाजाने. हे झाल्यावर फ्री प्ले पुन्हा मोजा.

आता कटू भाग. बेल हाउसिंगच्या तळाशी छोटं भोक असतं. तिथून तेल ठिबकत असेल तर ॲडजस्टमेंटने काहीही होणार नाही. काळं पातळ तेल म्हणजे क्रँकचं मागचं सील, जाड वासाचं तेल म्हणजे गिअरबॉक्सकडचं. तेल प्यालेली प्लेट पेट्रोलने पुसून परत बसवू नका, ती पुन्हा घसरतेच. आणि इंजिन-गिअरबॉक्स वेगळे करून ट्रॅक्टर उघडलाच आहे, तर सील, रिलीज बेअरिंग आणि दोन्ही प्लेटा एकदमच बदला. यातला मोठा खर्च उघडण्याचा असतो. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक भेगा दिसल्या तर तेही लेथवाल्याला दाखवा.

नवीन प्लेट टाकल्यावर पहिले काही तास हलकं काम घ्या, मग फ्री प्ले परत तपासा. पीटीओ जोडताना थ्रॉटल खाली ठेवा, पेडल हळू सोडा. तुमचा ट्रॅक्टर हँड क्लचवाला असेल तर यातलं बरंचसं लागू नाही. मॉडेल सांगून व्हॉइस नोट पाठवा, त्यावर वेगळा भाग करू.