6 जानेवारीपर्यंतचा खाऊ

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळ 25 डिसेंबरच्या रात्री संपत नाही. 6 जानेवारीला तीन राजांचे फेस्त असते. रेइश मागुश, चांदोर आणि कासावली इथे ते थाटात होते. तोवर पाहुण्यांची ये-जा चालूच राहते, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे, त्यात हिंदू शेजारीही आले, गोडाची ताटे आधीच पोचलेली असतात. या ताटाला गोव्यात कोन्सोआदा म्हणतात, मंगळुरूकडे कुस्वार. हा खाऊ करणाऱ्याच्या घरात थोडा आणि दुसऱ्यांच्या घरांत जास्त खाल्ला जातो, तोही केल्यानंतर कितीतरी दिवसांनी. ही गोष्ट ध्यानात घेतली की या पाककृतींतले जे काही एरवी जुन्या बायकांचा हट्ट वाटते, त्यामागचे कारण दिसू लागते. माझ्या मते नाताळचा साठा घरी करणाऱ्याने, किंवा विकत आणणाऱ्यानेही, प्रत्येक पदार्थाबद्दल आधी एकच प्रश्न विचारावा: यात पाणी किती उरले आहे?

पदार्थ नासतो तो जंतूंमुळे आणि बुरशीमुळे, आणि त्यांना वाढायला मोकळे पाणी लागते. अन्नशास्त्रात या मोकळ्या पाण्याचे माप ठरलेले आहे. शुद्ध पाण्याचे माप 1 धरतात, ते 0.6च्या खाली गेले की जवळजवळ कुठलाच सूक्ष्मजीव वाढू शकत नाही. त्या दिशेने जायचे दोन रस्ते आहेत. पाणी आटवून घालवायचे, किंवा साखरेने ते असे बांधून ठेवायचे की जंतूंच्या वाट्याला येऊ नये. पेरादमध्ये, म्हणजे पेरूच्या वडीत, दोन्ही एकदम घडते. पेरूच्या गरात पेक्टिन भरपूर असते, पण साखर आणि थोडा आंबटपणा मिळाल्याखेरीज ते नीट घट्ट बसत नाही; म्हणून लिंबू पिळायचे आणि मिश्रण कढईच्या कडा सोडेपर्यंत ढवळत राहायचे. चण्याच्या डाळीच्या दोसचेही तसेच. शिजवून वाटलेली डाळ, खोबरे आणि साखर कडा सोडू लागली की थापून शंकरपाळ्याच्या आकारात कापायची. दोदोल यांत सर्वांत चिवट. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा काळा गूळ तासन्‌तास हलवायचे, इतके की नारळाचे तेल सुटून बाजूला दिसावे. ते तेल म्हणजे पाणी बऱ्यापैकी गेल्याची खूण. हात दुखले म्हणून अर्धा तास आधी उतरवलेला दोदोल दिसतो तसाच, फक्त लवकर आंबतो. ओला नारळ हा या साऱ्या खाऊचा जीव आणि त्याची मोठी अडचणही. ताज्या खोबऱ्यात जवळपास निम्मे पाणी असते, आणि ते घालवले तरी त्यातली चरबी पुढे खवट होतेच. बोलिन्यास या नारळ-रव्याच्या बिस्किटांचे आणि बात या केकचे मिश्रण रात्रभर मुरवतात, तेव्हा नारळातले आणि पाकातले पाणी रवा शोषून घेतो.

कुरकुरीत पदार्थांची गत उलटी असते. कुलकुल या तळणीच्या गोडाच्या पिठाची गोळी काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या कंगव्यावर दाबून गुंडाळतात. नक्षी उठते ती मुलांना आवडते, पण गुंडाळीमुळे पीठ पातळ होते आणि आतली बाजूही तेलाला लागते हे जास्त महत्त्वाचे. त्याच पिठाची भरीव गोळी तळली तर ती वरून लाल आणि आतून दमट राहील. असे कोरडे पदार्थ जंतूंनी सहसा बिघडत नाहीत, ते सादळतात. म्हणून गरम असताना डब्यात भरू नयेत, नाहीतर वाफेचे पाणी होऊन झाकणावरून खालीच टपकते. आणि हल्ली जी चूक फार होते ती अशी की सुंदर दिसावे म्हणून एकाच बंद डब्यात दोदोल आणि कुलकुले शेजारी रचतात. ओलावा दमट पदार्थातून कोरड्या पदार्थाकडे सरकतो आणि दोन दिवसांत कुलकुले मऊ पडतात. ताट लावताना एकत्र मांडावे, साठवताना डबे वेगळे असावेत.

आता साखरेचा आक्षेप. तो खरा आहे, आणि घरोघरी मधुमेह असताना तो टाळता येणार नाही. साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत असावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2000 कॅलरींच्या आहारात ते सुमारे 50 ग्रॅम होतात. पण यावर उपाय म्हणून पेरादमधली साखर निम्मी केली, तर जे तयार होते ते पेराद नसून पेरूची लापशी असते, आणि तिला आठवड्यात बुरशी येते. या पदार्थांत साखर हेच परिरक्षक आहे. कमी करायचीच तर वडीचा आकार आणि पदार्थांची संख्या कमी करावी. बोटाच्या पेराएवढी वडी कापायला कुणाचीही हरकत नसते.

फ्रिज आल्यावर ही सारी मेहनत कशाला, असेही विचारले जाते. बेबिंका (थरांची मिठाई) आणि दोदोल यांना फ्रिजचा उपयोग होतो, हे मान्य. पण कुरकुरीत पदार्थ फ्रिजमधून काढले की हवेतली वाफ त्यांच्यावर जमते. शिवाय फ्रिज शेजाऱ्याच्या घरी पाठवता येत नाही. गोव्याची माणसे जहाजांवर, आखातात आणि मुंबईत पांगलेली आहेत. तिथल्या धोबीतलावच्या कुडींतल्या, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक निवासांतल्या, खलाशांपर्यंत गावाकडचा खाऊ पोचायचा तो सामानाच्या ट्रंकेतून. प्रवासात टिकेल एवढी साखर ज्यात नाही तो पदार्थ घरीच खावा, आणि तसे ठरवून केले तर त्यातली साखर खुशाल कमी करावी.

बेकरीतून विकत आणण्यात कमीपणा नाही. डालड्याची भीतीही आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. जानेवारी 2022पासून खाद्यतेल आणि वनस्पतीतील ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा आहे. फक्त बनवल्याची तारीख विचारून घ्यावी, आणि नारळाचे पदार्थ शेवटच्या दोन-तीन दिवसांत आणावेत. सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळाच आहे: हे सारे श्रम बाईच्या अंगावर पडतात. कुलकुले वळायला घरातली मुले-पुरुष बसतात, दोदोलच्या कढईपाशी मात्र बहुधा तीच उभी असते. टिकाऊपणाचा हिशेब इथेही कामाला येतो. जे महिनाभर राहते ते डिसेंबरच्या सुरुवातीला करून ठेवता येते, म्हणजे शेवटच्या आठवड्यावर ओझे पडत नाही: आधी पेराद, मग कुलकुले, मग दोस आणि दोदोल, आणि बात 24च्या आदल्या दिवशी. त्याहून सोपे म्हणजे तीन-चार घरांनी पदार्थ वाटून घ्यावेत. प्रत्येकीने दोनच जिनसा मोठ्या प्रमाणात कराव्यात आणि अदलाबदल करावी. ताटे एका घरातून दुसऱ्या घरात जाणारच असतात, ती 25च्या आधी चार दिवस निघाली तर काही बिघडत नाही.