उष्णता साठवणारी भिंत रात्री रिकामी होते का?

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, डोव्हर या गावी १९४८ साली एक आगळं घर उभं राहिलं. तिथला हिवाळा हाडं गोठवणारा, तरीही या घरात भट्टी बसवलेली नव्हती. रचना एलिनॉर रेमंड यांची, पैसा शिल्पकार अमेलिया पीबॉडी यांचा आणि कल्पना हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञ मारिया टेलकेस यांची. दक्षिणेकडच्या काचांमागे उन्हाने तापलेली हवा पंख्यांनी खोल्यांलगतच्या कप्प्यांत नेली जाई. तिथे पिंपांमध्ये सुमारे २१ टन ग्लॉबर क्षार भरलेला होता.

हा क्षार ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. वितळताना तो भरपूर उष्णता शोषतो, गोठताना ती परत देतो. हीच सुप्त उष्णता. पण वितळण्या-गोठण्याच्या फेऱ्यांत क्षाराचा जड भाग तळाशी बसू लागला आणि पुन्हा एकजीव होईना. काही हिवाळ्यांतच ती यंत्रणा काढावी लागली.

कल्पना मात्र टिकली.

पुढे पॅराफिन मेणाच्या सूक्ष्म कुप्या जिप्समच्या फळ्यांत आणि गिलाव्यात मिसळण्याचं तंत्र आलं. एक किलो पॅराफिन वितळताना साधारण २०० किलोज्यूल उष्णता घेतं. एवढ्या उष्णतेत ६० किलो विटा जेमतेम ४ अंशांनी तापतात. म्हणजे जाड भिंतीचं काम पातळ थरातही साधू शकतं.

अट एकच: दिवसा वितळलेलं मेण रात्री गोठलं पाहिजे. २५ अंशांना वितळणारं मेण नागपूरच्या मे महिन्यात निरुपयोगी ठरेल, कारण तिथे कित्येक रात्री पारा त्याच्या वरच असतो. मुंबईत दिवस-रात्रीच्या तापमानातला फरकच कमी. नाशिक-पुण्याच्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गार रात्री मात्र या मेणाला मानवतील, अर्थात खिडक्या उघडून ती हवा आत घेतली तर. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांच्या जाड माती-दगडी भिंतीही, न वितळता का होईना, उष्णता साठवून दुपारचा उन्हाळा रात्रीपर्यंत लांबवतात. म्हणून तर माणसं गच्चीवर झोपत आली.

भारताच्या २०१८ च्या 'इको निवास संहिते'त घराच्या बाह्य आवरणातून आत येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरमागे १५ वॅटची मर्यादा आहे. तिच्या सूत्रात भिंतीची उष्णतावाहकता आणि खिडक्यांची काच मोजली जाते. साठवणक्षमतेसाठी वेगळं पद नाही. त्यामुळे अशा भिंतीचा खरा फायदा कळायचा, तर त्या गावचं वर्षभराचं तासागणिक तापमान घेऊनच हिशेब मांडावा लागतो.